शटर कोणी उघडायचं? निवृत्त कामगारांच्या एका दुरुस्ती शेडचं प्रकरण

पिंपरी-चिंचवडमधल्या एका जुन्या कामगार कॉलनीत २०२२च्या दिवाळीनंतर निवृत्त पुरुषांची एक छोटी कार्यशाळा सुरू झाली. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर मी समाजकार्यकर्ती म्हणून काम करत होते, त्यामुळे पहिल्या बैठकीपासूनची टिपणं माझ्याकडे आहेत. हे प्रकरण त्या टिपणांवरून लिहिलं आहे. सगळी नावं बदलली आहेत, कॉलनीची आणि कंपन्यांची ओळख गाळली आहे. असा उपक्रम सुरू करू पाहणारे बहुतेक जण मला हत्यारांची यादी मागतात. यादी सोपी आहे. अवघड होते ते मधले चार-पाच निर्णय, म्हणून भर त्यांच्यावर दिला आहे.

पार्श्वभूमी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, कोकण अशा सगळीकडून तरुण मुलं आयटीआय करून किंवा नुसती दहावी होऊन या पट्ट्यात आली. त्यांनी सोसायट्या काढल्या, बैठी घरं बांधली, नंतर त्यांवर मजले चढवले. ही कॉलनी त्यातलीच. आज इथली मुलं हिंजवडीत संगणकासमोर बसतात किंवा परदेशात आहेत, आणि ज्यांनी ही घरं बांधली ते साठ-सत्तरीत आहेत.

या पिढीतल्या पुरुषांचं सगळं आयुष्य कंपनीच्या घड्याळावर चाललं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे उठायचं, कंपनीची बस पकडायची, कँटीनमध्ये ठरलेल्या टेबलावर ठरलेल्या माणसांबरोबर जेवायचं. मैत्री झाली ती मशीनशेजारी किंवा युनियनच्या सभेत. बायकांचं तसं नव्हतं. भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळ, शेजारणीबरोबर उन्हाळ्यातले पापड, असं त्यांचं जग कॉलनीतच उभं राहिलं आणि नवऱ्याच्या निवृत्तीनंतरही चालू राहिलं. पुरुषाचं जग मात्र शाल-श्रीफळ घेऊन गेटबाहेर पडला त्या दिवशी संपलं. गावी जावं तर तिथलं घर भावकीत वाटलं गेलेलं, आणि तिथेही आता ओळखीचं कोणी नाही.

अडचण काय होती

संघ चांगला चालला होता. हास्यक्लब होता, आरोग्यावर व्याख्यानं होत, वाढदिवस साजरे होत, वर्षातून एक सहल निघे. पण येणारे बरेचसे शिक्षक, बँकवाले, सरकारी खात्यातले. कारखान्यातून निवृत्त झालेले वर्गणी भरत आणि वर्षभर दिसत नसत. आले तरी मागच्या खुर्चीवर बसून चहा झाला की निघत.

म्हणून आम्ही घरोघरी गेलो. बोलल्या त्या बहुतेक ठिकाणी बायकाच. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, हे अजून साडेपाचला उठून दाढी करून, कपडे घालून बसतात. कुठे जायचं असतं? कुठेच नाही. मग दहा वाजेपर्यंत माझ्या फोडणीला नावं ठेवतात." हे त्या हसत सांगत होत्या, पण नंतर दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की हल्ली रात्री झोप नाही, आणि संध्याकाळी एकटेच गच्चीवर जाऊन बसतात.

अण्णा हे त्यांतलं सगळ्यांत काळजीचं नाव. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, मायक्रोमीटरवर हात बसलेला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बायको गेली. मुली पुण्यात, रोज फोन करत, पण अण्णा "बरं आहे" एवढंच म्हणत. साखरेच्या गोळ्या आणलेल्या तशाच पाकिटात पडून असत. संघाने एका समुपदेशकांना महिनाभर दर शनिवारी बोलावलं होतं. त्यांच्याकडे बायका गेल्या, दोन-तीन शिक्षक गेले. अण्णा किंवा त्यांच्यासारखं कोणीही गेलं नाही.

मग एक साधी गोष्ट घडली. संघाच्या कपाटाची बिजागरी निखळली होती आणि दार महिनाभर दोरीने बांधलेलं होतं. वर्गणी भरायला आलेल्या अण्णांनी ते पाहिलं, काही न बोलता घरी गेले आणि कानस, पक्कड, ड्रिल घेऊन परत आले. बिजागरीचं काम वीस मिनिटांचं होतं, ते तीन तास चाललं. दार समपातळीत बसेना म्हणून त्यांनी पूर्ण चौकटच सरळ केली. आणि त्या तीन तासांत, व्याख्यानाला कधीही न आलेले चार जण त्यांच्याभोवती जमले होते. एक दार धरून उभा, एक "खालचा स्क्रू आधी घे" सांगतोय, एकाने घरून तेलाचा डबा आणला. त्या दुपारी अण्णांनी बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. स्क्रू पिळता पिळता, कोणाकडेही न बघता.

समोरचे पर्याय

संघाच्या कार्यकारिणीत यावर दोन बैठका झाल्या. पहिला पर्याय होता आहे तेच वाढवण्याचा: कार्यक्रम जास्त, समुपदेशक पुन्हा, भिंतीवर ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनचा क्रमांक. क्रमांक लावला, तो लावायलाच हवा. पण ज्यांना आपल्याला काही त्रास आहे हे कबूल करणंच जड जातं, त्यांना मदत घ्यायला बोलावून भागत नाही, हे एव्हाना दिसलं होतं.

दुसरा पर्याय अर्धवेळ नोकरीचा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण संघातल्या बऱ्याच जणांना ती माहीतच नव्हती. ईपीएस-९५ची, म्हणजे खासगी नोकरदारांच्या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. कायम कामगार म्हणून निवृत्त झालेल्यांनाही पुष्कळदा दोन-तीन हजारच हातात येतात, आणि जे कंत्राटी होते त्यांची स्थिती आणखी बिकट. त्यामुळे कॉलनीतले काही जण बारा-बारा तास वॉचमनची ड्यूटी करतच होते. त्यांना पैसे मिळत होते, पण सोबत नव्हती, आणि उभं राहून पाय सुजत होते.

तिसरा पर्याय साहेबांनी मांडला. साहेब म्हणजे एका कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाकडे मेलबर्नला गेले असताना त्यांनी तिथली 'मेन्स शेड', म्हणजे पुरुषांनी एकत्र जमून हाताने काम करायची सामायिक कार्यशाळा, पाहिली होती. ऑस्ट्रेलियात ही चळवळ १९९०च्या दशकात रुजली. व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला या छोट्या गावात १९९८ साली त्या नावाची पहिली शेड उघडली, २००७ मध्ये देशपातळीवरची संघटना झाली, आणि आज तिथे हजारावर शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंड, कॅनडा इथेही ती पोचली. तिथलं एक ब्रीद साहेबांनी सांगितलं: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. कपाटाच्या दाराशी आम्ही तेच पाहिलं होतं.

आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. ऑस्ट्रेलियात प्रत्येकाच्या घरामागे शेड असते, आपल्याकडे जागा कुठे? कोणाचं बोट कापलं तर जबाबदार कोण? सरांचा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांचा, आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा होता: "पस्तीस वर्षं राबलेल्या माणसाला पुन्हा कामाला का लावायचं?" यावर तात्या एवढंच म्हणाले, "सर, राबवत होते तेव्हा राबलो. हे आपलं आपण करायचं आहे." तात्या फाउंड्रीतले पॅटर्नमेकर, लाकडाचे साचे करणारे. कार्यशाळेच्या बाजूने ठराव झाला.

जागा, वीज आणि सुरक्षितता

सोसायटीच्या दूध केंद्राची शटरची खोली काही वर्षं बंद होती. ती मिळाली, तीन अटींवर: वेळ सकाळी दहा ते साडेबारा, दुपारी एकनंतर ठोकाठोक नाही, विजेचं मीटर वेगळं. हत्यारं बहुतेक माळ्यांवरून उतरली. जवळजवळ प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी होती. रंधे, पटाश्या, गुण्या, गिरमिट, पान्यांचे सेट, कोणाकडे कंपनीतून निवृत्तीच्या वेळी घेतलेला व्हर्नियर. मोठा बेंच व्हाइस पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी आणला. तो निवडायला सात जण गेले होते, आणि संघाच्या सहलीला न येणारी ही माणसं त्या दिवशी दुपारची मिसळ खाऊन परतली.

विजेचं सगळं नानांच्या हाती होतं. नाना इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे. स्वतंत्र अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि दाराशेजारी सगळी वीज तोडणारा एक स्विच, हे झाल्याशिवाय एकही प्लग लावू देणार नाही म्हणाले. त्यात तीन आठवडे गेले आणि लोक कुरकुरले. पण नाना बधले नाहीत, आणि हा उशीर सार्थकी लागला असं माझं मत आहे. पहिल्याच महिन्यात शॉक बसला असता तर शटर कायमचं खाली आलं असतं.

सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवरची करवत, घ्यायचा की नाही यावर खरा वाद झाला. तात्यांना हवा होता. विरोधात मुद्दे होते मोतीबिंदू, थरथरते हात, आणि कित्येक जण घेत असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. शेवटी ठरलं की मोठं लाकूड वखारीतूनच मापात कापून आणायचं, शेडमध्ये हातकरवत, ड्रिल, जिगसॉ आणि छोटा ग्राइंडर एवढंच. वेल्डिंग नाही, कारण एकाला पेसमेकर होता आणि आर्क वेल्डिंगच्या जवळ त्यांनी असणं धोक्याचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, खिळा रुतला तरी कळत नाही, म्हणून चपला बंद. कंपनीचे सेफ्टी शूज बऱ्याच जणांनी जपून ठेवले होते, ते पुन्हा बाहेर निघाले.

अण्णांनी भिंतीवर एक फळी लावली आणि प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर काळ्या रंगात काढली. काम संपल्यावर एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते दिसतं. कारखान्यातली ही पद्धत त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

किल्ली कोणाकडे

वरवर क्षुल्लक, पण माझ्या मते सगळ्यांत निर्णायक प्रश्न हाच ठरला. पहिल्या बैठकीला कोणीतरी टेबल मांडलं, साहेब सवयीने टेबलामागे बसले आणि बाकीचे समोर रांगेत. दहा मिनिटांत जुनी कंपनी उभी राहिली. साहेब सूचना देत होते, कामगार मान डोलवत होते. साहेबांचा हेतू चांगलाच होता. कल्पना त्यांची, देणगीही सर्वांत मोठी त्यांची. किल्ली त्यांच्याकडे राहावी असं बहुमतही होतं.

बैठकीनंतर नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे असंच चाललं तर दोन महिन्यांनी साहेब एकटेच असतील." मी हे साहेबांना जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग किल्ली फिरती ठेवा." किल्ली सचिवाकडे ठेवण्याचाही पर्याय होता, पण सचिव शेडमध्ये काम करत नव्हते. ठरलं असं: किल्ली दर आठवड्याला पुढच्याकडे जाईल, यादीतल्या क्रमाने. ज्याच्याकडे किल्ली, त्याने शटर उघडायचं, झाडू मारायचा, चहा करायचा. टेबल काढून टाकलं, स्टूल आणले.

याचा परिणाम लगेच दिसला. आपण गेलो नाही तर दहा जण बाहेर उभे राहतील, हे माहीत असल्यावर माणूस ताप असला तरी फोन करून किल्ली दुसऱ्याकडे पोचवतो. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं, त्यांची कोणीतरी वाट पाहत होतं.

साहेबही शिकाऊ झाले, आणि मनापासून. एकदा त्यांनी तात्यांची पट्टी घेऊन तीन फुटी फळी मापली, कापली, आणि ती बसेना. जवळपास नऊ मिलिमीटरने जास्त. तात्या धावत आले: "साहेब, तो स्केल बिडाचा आहे, लाकडाचा नाही!" ओतीव बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच थोडी लांब आखलेली असते. ती पट्टी तात्यांनी आयुष्यभर सांभाळली होती. त्यानंतर अर्धा तास तात्या साचे कसे करायचे ते सांगत होते आणि मॅनेजर राहिलेला माणूस स्टुलावर बसून ऐकत होता. कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, आल्यावर तात्यांचं कसब कोणी विचारलं नव्हतं.

काम कोणासाठी

सुरुवातीला काय करायचं हे ठरवताना एकजण म्हणाला, शोभेच्या वस्तू करू, प्रदर्शन भरवू. कोणी उत्साह दाखवला नाही. मग मिक्सर आले. कपलर तुटलेले, कार्बन झिजलेले, पंख्यांचे कंडेन्सर गेलेले, इस्त्र्या, कुकरच्या मुठी. दुरुस्ती फुकट, सुट्या भागाचे पैसे द्यायचे. वॉकरच्या पायाचे झिजलेले रबरी बूट बदलण्याचं काम नानांनी अंगावर घेतलं, कारण त्या बुटावरून घसरून कॉलनीतल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

जवळच्या अंगणवाडीच्या ताईंनी बुटकी टेबलं मागितली. तात्या आणि बापू टेप घेऊन गेले, मुलांना मांडी घालून बसवलं आणि कोपरापर्यंतची उंची मापली. टेबलांचे कोपरे तात्यांनी गोल केले, आणि घासण्याचं काम बापूंनी केलं. बापू प्रेस शॉपमध्ये हेल्पर होते, तेही कंत्राटी. हात थरथरत असे, त्यामुळे करवत किंवा ड्रिल त्यांना नको वाटे. पण पॉलिश पेपर घेऊन ते फळी इतकी गुळगुळीत करत की तात्या डोळे मिटून हात फिरवून पास करत. तीन ते सहा वर्षांची मुलं त्या टेबलांवर हात घासणार, लाकडाचं कुसळ राहता कामा नये, हे बापूंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

पैशाचा आणि मखरांचा पेच

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीला घडीच्या लाकडी मखरांना मागणी वाढली आहे. २०२३च्या आषाढात तात्यांनी स्वतःच्या घरासाठी एक मखर केलं. बिजागऱ्यांवर दुमडणारं, पलंगाखाली मावणारं. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि महिन्याभरात ऑर्डरींची रांग लागली. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती.

पैशाबद्दल आधी काहीच ठरलं नव्हतं. साहेब आणि सर म्हणाले, आपण पैशासाठी थोडंच करतोय, सगळं शेडच्या पेटीत जाऊ दे. यावर कोणी उघड विरोध केला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोघे जण येईनात. त्यातला एक रात्री वॉचमन होता. झोप मोडून येत होता, आणि मखराची किंमत त्याला माहीत होती. हा मुद्दा त्यांच्या वतीने अण्णांनी काढला, त्यांच्या पद्धतीने, कानस चालवता चालवता: "ज्याचं भागतं त्याने फुकट करावं. ज्याचं भागत नाही त्याला ते बोलून दाखवायला लावू नये."

तीन मार्ग चर्चेत होते. विकणं पूर्ण बंद करायचं; सगळे पैसे पेटीत टाकायचे; किंवा वाटून घ्यायचे. ठरलं ते असं: साहित्याचा खर्च वजा जाता अर्धी रक्कम शेडला, उरलेली काम केलेल्या तासांप्रमाणे प्रत्येकाला बंद पाकिटात. ज्याला नको असेल त्याने पाकीट पेटीत टाकावं, पेटी चहाच्या टोपामागे, कोणाला दिसणार नाही अशी. कोणी ठेवलं आणि कोणी टाकलं हे आजवर कोणाला कळलेलं नाही, मलाही नाही. वॉचमन परत आला. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत समजूतदार वाटतो.

पण तोवर दुसरंच काही बिघडलं होतं. तारखा दिल्या होत्या. साडेबाराचे दीड वाजू लागले, भिंतीवर कोणीतरी तक्ता लावला, किती मखरं झाली आणि किती बाकी. कोणी रागवत नव्हतं, पण आवाज चढत होते. घासायला भाड्याने सँडर आणला, कारण हाताने वेळ लागतो. बापूंचं काम गेलं. एक-दोन दिवस ते स्टुलावर बसून राहिले, मग यायचे बंद झाले. "गावाला गेला असेल," असं सगळ्यांनी धरून चाललं. त्या महिन्यात किल्लीच्या यादीत त्यांचा नंबर नव्हता.

तीन आठवड्यांनी बापूंच्या पत्नीचा मला फोन आला. बापू घरातून बाहेर पडत नव्हते, जेवण कमी झालं होतं, आणि हाताची थरथर आता चमचा धरताना दिसत होती.

काय केलं गेलं

मी ही गोष्ट शेडमध्ये सांगितली तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पहिला प्रश्न आला, भेटायला कोणी जायचं. मी जावं असं सुचवलं गेलं, साहेबांनी गाडी काढायची तयारी दाखवली. अण्णा म्हणाले, "सगळे गेलात तर तो आजारी आहे असं त्याला वाटेल." ते एकटे गेले, आणि बरोबर अंगणवाडीच्या दुसऱ्या खेपेची एक न घासलेली फळी नेली. "मशीनने कडा मारल्या जातात रे बापू, तूच कर," म्हणाले. ते खरंच होतं. सँडरने त्या लाकडाच्या कडा खाल्ल्या होत्या.

त्या बसण्यात बापूंनी सांगितलं की थरथर दोन वर्षांपासून वाढते आहे आणि डॉक्टरकडे जायला ते घाबरत होते. पुढच्या आठवड्यात नाना त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेले. कंपवाताचं निदान झालं, औषध सुरू झालं. बापूंच्या मुलाला हे वडिलांच्या तोंडून कळलं, आणि तेही नाना शेजारी बसलेले असताना.

मग अण्णांमधला टूलरूमवाला जागा झाला. त्यांनी बापूंसाठी एक फिक्श्चर केलं. फळी दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे क्लॅम्प, आणि घासण्याच्या ठोकळ्याला दोन्ही हातांत मावेल अशी जाड मूठ, तिच्या पोकळीत शिसं भरलेलं. वजनामुळे हात स्थिर राहतो. तीनदा वजन बदललं, चौथ्यांदा बापू म्हणाले, आता बरोबर.

शेडच्या नियमांत तीन बदल झाले. मखरांची संख्या चातुर्मास सुरू व्हायच्या आधी ठरवायची आणि त्यावर एकही ऑर्डर नाही, मग मागणारा नगरसेवक असला तरी. बाकी-झाले असा तक्ता नाही. आणि हजेरीचं मस्टर: सलग दोन दिवस कोणी आला नाही तर ज्याच्याकडे किल्ली त्याने त्याच दिवशी फोन करायचा किंवा घरी जायचं. मस्टरला सुरुवातीला विरोध होता, पुन्हा कंपनीच झाली म्हणून. पण बापूंनीच म्हटलं की असू दे, मी आलो नाही हे कोणालातरी कळायला हवं.

काय साधलं, काय राहिलं

शेड चालू आहे. अण्णा रोज येतात, गोळ्या घेतात, आणि मुलींना आता फोनवर सांगायला काहीतरी असतं. दुसऱ्या लाटेत एकटे पडलेले आणखी दोघे त्यांच्यामुळे आले. वहिनींचं म्हणणं असं की फोडणीवरची टीका थांबलेली नाही, पण ती आता सकाळी दहाच्या आत आटपते.

सगळ्यांना हे मानवलं असं मात्र नाही. बँकेतून निवृत्त झालेले दोघे काही दिवस येऊन हातात काही धरता येत नाही म्हणून परत गेले. त्यांच्यासाठी हिशेब आणि सुट्या भागांची नोंद हे काम काढता आलं असतं, ते कोणाला सुचलं नाही. बायकांचा प्रश्नही अर्धवट आहे. मोटर वाइंडिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या एका ताईंनी विचारलं, मला का नाही? पंख्याची कॉइल तिथे कोणापेक्षाही त्या चांगली भरतात. अनेक देशांतल्या शेडमध्येही यावर वाद झाले आणि उत्तरं वेगवेगळी निघाली. इथे शनिवार सगळ्यांसाठी खुला केला आहे. ताई शनिवारी येतात, नानांना शिकवतात. इतर दिवशीही त्यांनी यावं असं मला वाटतं. काही सदस्यांचं म्हणणं आहे की मग अण्णा कपाटाच्या दाराशी बोलले तसं कोणी बोलणार नाही. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पैशाचा नियम पहिल्या दिवशी करायला हवा होता, पहिला रुपया येण्याआधी. तेव्हा तो तत्त्वाचा प्रश्न असतो. रुपया आल्यावर तो माणसांचा होतो. हजेरीचंही तसंच. सुरक्षिततेच्या नावाखाली आम्ही बोटं, डोळे, पाय, वीज सगळ्यांचा विचार केला, आणि एखादा माणूस दिसेनासा झाला तर काय, हा विचार त्या यादीत नव्हता. सदस्यांच्या औषधांची आणि आजारांची नोंद नाव नोंदवतानाच झाली असती तर बापूंची थरथर वर्षभर आधी कोणीतरी गांभीर्याने घेतली असती.

आणि जागेचा करार. दूध केंद्राची खोली तोंडी ठरावावर वापरात आहे. आता सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे, आणि बिल्डरने आणलेल्या पहिल्या आराखड्यात क्लब हाउस आहे, जिम आहे, शेड नाही. महापालिकेच्या शाळेतली एखादी बंद खोली मागावी, असा एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो की सभासद म्हणून आपल्याच इमारतीत तळमजल्यावर हक्काची जागा मागायची. सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. साहेब पत्रव्यवहार बघत आहेत, नानांनी विजेचा भार काढून दिला आहे, आणि बेंच, व्हाइस, बापूंचं फिक्श्चर, मोकळी वाट असं सगळं मापात बसवलेला नकाशा तात्यांनी पूर्ण केला आहे. या वेळी साध्या पट्टीने.